कॉम्प्युटर म्हातारा होत नाही

‘आता म्हातारा झालाय तो, अजून किती दिवस चालवणार?’ आठ-दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरबद्दल हे वाक्य ऐकू आलं नाही असं घर सापडणं कठीण. बाबा म्हणतात, दुकानदार म्हणतो, वर्गातला ‘टेक्निकल’ मित्र म्हणतो. बटण दाबून चहा ठेवायचा. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी डेस्कटॉपवरचे आयकॉन एकेक करून उमटतच असतात. फोल्डरवर डबल क्लिक केलं की निळं वर्तुळ फिरत राहतं. मधेच माऊसचा बाणही जागच्या जागी गोठतो. मग कुणीतरी वयाचा दाखला देतं आणि विषय संपतो.

विषय तिथे संपतो, हीच माझी तक्रार आहे. ‘म्हातारा’ हा शब्द निदान असल्यासारखा वापरला जातो, पण त्यात निदान काहीच नाही. म्हातारपणाला औषध नसतं, म्हणून तो शब्द उच्चारला की पुढचे सगळे प्रश्न आपोआप मिटतात. नेमकं काय बिघडलंय? कुठे अडतंय? किती रुपयांत सुटेल? ज्याला नवीन यंत्र विकायचंय त्याला याहून सोयीचा शब्द मिळायचा नाही.

माणसाचे गुडघे झिजतात, प्रोसेसरचे नाही. २०१३ साली तीन गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोक्यांवर चालणारी चिप आजही तेवढ्याच ठोक्यांवर चालते. रॅमही एक तर नीट चालते किंवा बिघडते. ती थकत नाही. पुरावा हवा असेल तर तालुक्याच्या गावातला एखादा जुना डीटीपीवाला गाठा. कोपऱ्यातल्या यंत्रावर विंडोज एक्सपी, त्यावर पेजमेकर, त्यात श्रीलिपी, आणि इंटरनेटची वायर कधी जोडलेलीच नाही, असे संच अजूनही सापडतात. पंधरा वर्षांपूर्वी ज्या चपळाईने त्यावर लग्नपत्रिका जुळायची, त्याच चपळाईने आजही जुळते. कारण त्या यंत्रावरचं ओझं बदललेलं नाही.

आपल्या घरच्या यंत्रात तीन गोष्टी बदलतात. डिस्क झिजते. धूळ साठून उष्णता अडते. आणि सॉफ्टवेअर दरवर्षी जड होत जातं. पहिल्या दोन गोष्टी स्क्रूड्रायव्हरने सुटतात. तिसरीसाठी भांडावं लागतं.

खरा आरोपी: फिरती तबकडी

जुन्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा हार्ड डिस्क असते. तिच्यात धातूच्या किंवा काचेच्या तबकड्या फिरतात आणि एक बारीक हात त्यांवर इकडून तिकडे सरकत माहिती वाचतो. डेस्कटॉपची डिस्क साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. जुन्या लॅपटॉपची बहुतेक वेळा ५,४००. हवी ती माहिती हाताखाली येईपर्यंत थांबणं, हात योग्य जागी सरकवणं, हे सगळं धरून एका वेळेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. सेकंदात अशी विखुरलेली वाचनं फार तर शंभरच्या आसपास होतात.

शंभर हा आकडा लक्षात ठेवा. कॉम्प्युटर सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वाचाव्या लागतात. त्याच वेळी अँटीव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो, विंडोज सर्चची यादी बनवते, मागे अपडेट उतरत असतं, आणि तुम्ही ब्राउझरवर क्लिक केलेलं असतं. सगळे एकाच खिडकीपुढे रांगेत उभे. खिडकीतला माणूस सेकंदाला शंभर जणांनाच सोडणार. प्रोसेसर तोवर बसून असतो. Ctrl, Shift आणि Esc या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘डिस्क’च्या रकान्यात शंभर टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात दहा-पंधरा टक्के दिसले, तर तुमचा ‘म्हातारा’ प्रत्यक्षात दाराशी ताटकळत उभा असलेला तरुण आहे.

रॅम कमी असेल तर दुखणं दुप्पट. जागा संपली की विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. रॅममधून माहिती मिळायला अंदाजे शंभर नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून दहा मिलिसेकंद. फरक एक लाख पटींचा. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कला सव्वा दिवसाच्या जवळपास लागेल. चार जीबी रॅमवर ब्राउझरचे वीस टॅब उघडले की माऊस गोठतो तो इथे.

यावरचा उपाय कुणी लपवून ठेवलेला नाही. फिरणाऱ्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची. तिच्यात काहीच फिरत नाही, त्यामुळे तीच विखुरलेली वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क अडीच इंची साटा असते आणि मोजके स्क्रू काढले की निघते. शक्य असेल तर सोबत रॅम चारवरून आठ जीबी करायची. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात हे भागतं. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत काउंटरमागे उभ्या असलेल्या कुठल्याही पोऱ्याला हे माहीत असतं. मग आपल्याला का सांगितलं जात नाही?

‘फॉरमॅट मारून देतो’

कारण दोन वाक्यांवर एक अख्खा धंदा उभा आहे. पहिलं, ‘फॉरमॅट मारून देतो.’ दुसरं, सहा महिन्यांनी: ‘दादा, याचं आता काही होणार नाही, नवीन घेऊन टाका.’

फॉरमॅट मारल्यावर कॉम्प्युटर थोडे दिवस हलका वाटतो, हे खरं. आपोआप सुरू होणारे पंधरा प्रोग्रॅम त्यात उडालेले असतात. पण तेच काम टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये दहा मिनिटांत होतं, आणि त्यात आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो जात नाहीत. डिस्क आतून मरत असेल तर फॉरमॅट म्हणजे ताप आलेल्याला नवे कपडे घालणं. नवे कपडे चढले, आठवडाभर बरं दिसलं, आणि मग एका सकाळी डिस्कच दिसेनाशी झाली. ‘डेटा गेला’ हे वाक्य आपल्याकडे नशिबाचा भाग म्हणून ऐकलं जातं. बऱ्याचदा डिस्क कित्येक आठवडे आधीपासून इशारे देत असते. आधुनिक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. खराब होऊन बदललेले सेक्टर किती, वाचता न आल्यामुळे प्रलंबित असलेले किती, हे त्यात आकड्यांत लिहिलेलं असतं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर ते अर्ध्या मिनिटात दाखवतं. खराब सेक्टर लागला की डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळं यंत्र स्तब्ध होतं. त्या गोठण्याकडे आपण वैतागाने पाहतो. ती धोक्याची घंटा असू शकते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी फोटो, कागदपत्रं, प्रोजेक्ट यांची दुसरीकडे प्रत. मग डिस्कची नोंदवही. मग टास्क मॅनेजर: डिस्क, मेमरी की प्रोसेसर, कोण शंभरावर अडकलंय. मग उष्णता. पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गोधडी झालेली असते, प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडू झालेली असते. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. सुरू केल्यावर वीस मिनिटं ठीक चालून मग हळू होणारा कॉम्प्युटर बहुधा हेच सांगत असतो. मग रॅम: प्लग काढून, पट्टी बाहेर घेऊन तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसणं हा आपल्या गल्लीबोळातला उपाय हसण्यावारी नेऊ नका, कळकट संपर्कामुळे अडकणारी यंत्रं त्याने खरोखर चालू होतात. तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. तारीख चुकली की वेबसाइट्सची सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि आपण म्हणतो, ‘नेट चालत नाही.’ सेल बदलणं हे भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलण्याइतकंच काम.

आणि जे करून उपयोग नाही त्याचीही यादी हवी. राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ दाबत राहणं हा आपला राष्ट्रीय विधी आहे; त्याने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, याउपर काही होत नाही. ‘रजिस्ट्री क्लीनर’, ‘पीसी बूस्टर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ अशी चमकदार नावं घेऊन येणारे प्रोग्रॅम बहुधा स्वतःच नवं ओझं असतात. दोन अँटीव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा नव्हे. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. एसएसडीला डीफ्रॅग करून वेग वाढत नाही, कारण तिच्यात सरकवायला हातच नाही.

आता खरं भांडण

हे सगळं केलं तरी एक प्रश्न उरतो: मुळात इतकं ओझं आलं कुठून?

पास्कल ही संगणकभाषा रचणारे स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये आटोपशीर सॉफ्टवेअरची बाजू घेणारा एक लेख लिहिला. त्याचं सार असं, की हार्डवेअर जितक्या वेगाने जलद होतंय त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर संथ होतंय. पुढे यालाच विर्थचा नियम म्हणू लागले. त्यानंतर काय घडलं ते मायक्रोसॉफ्टच्याच किमान अटींत वाचा. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. बरोबर चौसष्ट पट. या वीस वर्षांत पत्र टाइप करणं, हिशेबाचा तक्ता मांडणं, मेल वाचणं ही कामं चौसष्ट पट अवघड झाली का?

काही ओझं रास्त आहे. सुरक्षेचे नवे थर लागले, व्हिडिओ स्पष्ट झाले, देवनागरी कुठेही टाइप होऊ लागली. एक्सपीच्या काळात फॉन्ट उघडला नाही की चौकोनी डबे दिसायचे, ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. पण बरंचसं ओझं आळसाचं आहे. आज साधं चॅटचं डेस्कटॉप ॲपसुद्धा अनेकदा आत एक अख्खा ब्राउझर घेऊन येतं, कारण कंपनीला ते तसं बनवणं स्वस्त पडतं. अशी चार ॲप उघडली की चार ब्राउझर चालू. कंपनीच्या प्रोग्रॅमरचे तास वाचले आणि त्याचं बिल रॅमच्या रूपाने तुमच्या घरी आलं. ते बिल भरता न आलेल्या यंत्राला आपण म्हातारं म्हणतो.

आळसाच्या पुढची पायरी म्हणजे फर्मान. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर हवेत. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठवी पिढी आणि पुढचे. म्हणजे जानेवारी २०१७ मध्ये आलेला सातव्या पिढीचा दणकट आय-सेव्हन यादीबाहेर. आणि गंमत अशी, की सातव्या पिढीतल्या ज्या मोजक्या चिप्सना सवलत मिळाली, त्यांतली एक मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेली होती. रेष कुठे ओढायची हे भौतिकशास्त्र ठरवत नाही, कंपनी ठरवते, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. अपडेट न मिळणाऱ्या विंडोजवर नेट बँकिंग करू नका, हे मीही सांगेन. पण ‘ही प्रणाली सुरक्षित नाही’ यातून ‘हे यंत्र फेका’ निघत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टने ठेवली. आणि त्याच यंत्रावर लिनक्स मिंट फुकट बसते, तिला नियमित अपडेट मिळतात, ब्राउझर आणि लिब्रेऑफिस चालतं, इनस्क्रिप्टने मराठीही टाइप होते. पेन ड्राइव्हवरून ती काहीही न पुसता आधी चालवून बघता येते. टॅली, फोटोशॉप किंवा ठरावीक गेम लागत असतील तर अडचण आहे, हे मान्य. पण ज्या घरात कॉम्प्युटर फॉर्म भरायला, अभ्यासाला आणि सिनेमा बघायला लागतो, तिथे ती अडचण किती?

‘पण फोन आहे ना’

हा लेख तुम्ही फोनवर वाचताय, हे मला माहीत आहे. तुमचा प्रश्नही ठाऊक आहे: एवढा खटाटोप कशाला, सगळं फोनवर होतं की.

वाचणं होतं, बघणं होतं, पैसे पाठवणं होतं. पण पंचवीस पानांचा प्रोजेक्ट अंगठ्याने टाइप करून बघा. एक्सेलचा तक्ता सहा इंचांवर मांडून बघा. कोडिंग शिका. सीईटीच्या परीक्षा केंद्रावर तुमच्यासमोर माऊस आणि मोठा पडदा येतो तेव्हा ज्याच्या हाताला त्याची सवय आहे आणि ज्याच्या नाही, त्यांच्यातला फरक बघा. ज्या घरात दुसरा लॅपटॉप घ्यायला चाळीस हजार आहेत तिथे जुना डबा माळ्यावर गेल्याने बिघडत नाही. जिथे नाहीत, तिथे तो डबा ‘म्हातारा’ ठरला की धाकट्या बहिणीच्या वाट्याला फक्त फोन येतो. मला राग याचा आहे. एका आळशी शब्दामुळे एका मुलीच्या हातातून की-बोर्ड जातो.

शिवाय फोन त्याच रांगेत उभा आहे. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो, हे ॲपलने २०१७ च्या डिसेंबरात मान्य केलं. ग्राहकांना ते नीट सांगितलं नाही म्हणून फ्रान्सने २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्या फोनमध्ये बॅटरी बदलली की वेग परत यायचा. कित्येकांनी मात्र फोनच बदलला. जुन्या डेस्कटॉपचं झाकण तुम्ही निदान उघडू शकता. फोन गोंदाने चिकटवलेला. अनेक नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली. म्हणजे पुढच्या यंत्राच्या वेळी ‘म्हातारा झाला’ हे वाक्य खरं ठरावं, याची तजवीज कारखान्यातच झालेली असते.

‘जाऊ द्या हो, भंगारवाल्याला देऊ,’ म्हणणाऱ्यांसाठी दोन आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचं काय होतं ते दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत दिसतं: तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात, आणि तो धूर तिथलीच माणसं पितात. दुसरा आकडा संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासातला: त्या काळचा एक डेस्कटॉप आणि सतरा इंची मॉनिटर बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी लागायचं. कॉम्प्युटरचा बराच मोठा खर्च तो तुमच्या घरी पोचण्याआधीच पृथ्वीने भरलेला असतो. तो वसूल करायचा एकच मार्ग, जास्त वर्षं वापरणं.

काही यंत्रांना खरोखर निरोप द्यावा लागतो, हेही सांगतो. पेंटियम ४ च्या काळातला, वीज पिणारा, ३२ बिटवरच चालणारा डबा कुणी ओढूनताणून चालवू नये. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील, लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, तर हट्ट सोडा. फुगलेली बॅटरी धोकादायक असते, तिला टोचू नका. आणि असं यंत्र अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्या. २०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. पण हा निर्णय आकडे बघून घ्या, सुस्कारा टाकून नको.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांची सोय तिथे एकत्र द्यावी ही अपेक्षा. पोर्टल चांगलंच, पण पोर्टलने स्क्रू सुटत नाहीत. सुटे भाग वाजवी दरात आणि ठरावीक वर्षं मिळालेच पाहिजेत, रॅम आणि डिस्क बदलता आलीच पाहिजे, आणि नवी प्रणाली कुठल्या यंत्रावर चालणार नाही हे विकतानाच खोक्यावर लिहिलं पाहिजे. असा कायदा मागायला हवा, आणि तो मागणारे आपणच ग्राहक आहोत. ज्याने एकदाही झाकण उघडलेलं नाही तो ही मागणी करणार नाही. त्याला आत काय आहे हेच माहीत नसतं.

तेव्हा या रविवारी माळ्यावरचा डबा खाली काढा. प्लग काढा, ब्रशने धूळ झाडा, फोटोंची प्रत घ्या, डिस्कची नोंदवही उघडा. जमलं नाही तर दुकानात न्या. तिथे कुणी नुसतं बघूनच ‘म्हातारा झालाय, नवीन घ्या’ म्हणाला, तर वाद घालू नका. एवढंच म्हणा: ‘दादा, आधी डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट दाखवा.’ तो दाखवायला बसला तर दुकान चांगलं आहे. नाही बसला, तर शेजारचं बघा.